बडोद्याचं पोट आणि कॅनडाचं इंग्रजी: आतड्याच्या आजाराबद्दल डॉक्टरांशी बोलायचं कसं?

दांडियाबाजारवाली

नमस्कार मंडळी. विषय परसाकडचा आहे, तेव्हा जेवताना वाचत असाल तर ताट आटपून मग या.

मला नऊ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, मग रक्त, आव आणि दिवसाला आठ-दहा फेऱ्या. गोळ्यांवर महिनोन् महिने बरी असते, मध्येच कधीतरी भडकतं. आजार आता पाठ झालाय. बडोद्यात डॉक्टरांशी बोलायला काही अडत नाही. "साहेब, मरडो छे, चूंक आवे छे" (मुरडा आहे, कळ येते) एवढं म्हटलं की पुढचं तेच विचारतात.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला टोरोंटोजवळ गेले होते. तिसऱ्याच आठवड्यात पोट भडकलं. लेक ओली बाळंतीण, त्यामुळे दवाखान्यात जावई घेऊन गेले. नर्सबाईंनी काय होतंय विचारल्यावर मी ठणकावून सांगितलं, "लूज मोशन्स, टेन टाइम्स." त्या म्हणाल्या, "मोशन? डू यू फील डिझी?" मी म्हटलं, "नो नो, मोशन इज नॉट प्रॉपर." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला गाडी लागते का ते विचारलं. मग पुढचा प्रश्न, "एनी ॲक्सिडेंट्स?" मी म्हटलं, छे हो, जावई फार सावकाश चालवतात.

जावयांना अर्थ कळला होता. घाईत कपड्यांत झालं का, असं त्या विचारत होत्या, आणि ते मराठीत मला सांगायची पाळी त्या सज्जन माणसावर आली. पाच वर्षांत ज्याच्यासमोर मी ढेकरसुद्धा दिलेली नाही! मी "नाही" म्हणून मोकळी झाले. खरं उत्तर "हो, दोनदा" असं होतं. पुढे जे औषध मिळालं ते त्या खोट्या उत्तरावर मिळालं.

दिवाळीनंतर पुन्हा जायचंय. माझं शिक्षण मराठी शाळेत, मग बँकेत 31 वर्षं. "विथ रेफरन्स टू युअर लेटर" झोपेतही लिहीन. "कळ येते" मात्र येत नाही. मला ह्या आजारापुरतं तोंडी इंग्रजी हवंय, जावयाच्या मध्यस्थीशिवाय. देवनागरीतच लिहा, मला उच्चारासकट पाठ करायचंय. आव, मुरडा, "पोट साफ होत नाही", "लागली की थांबवत नाही" ह्यांना ते लोक काय म्हणतात?

काढे, आसनं, पथ्यं सुचवू नयेत ही विनंती. शब्द हवेत.

---

रावपुरा एक्स्प्रेस

"जावई सावकाश चालवतात" वाचून ऑफिसात हसलो, साहेबांनी बघितलं. माफ करा काकू.

'मोशन' आपल्याकडे चालतं. तिकडे मोशन म्हणजे नुसती हालचाल. 'बाउल मूव्हमेंट' म्हणा. उच्चार बा-उल. 'बोल' म्हणालात तर वाडगा होतो. जी वस्तू बाहेर येते ती 'स्टूल', क्रिया करणं म्हणजे नुसतं 'गो'. "व्हेन डिड यू लास्ट गो?" असं विचारलं तर कुठे गेलात ते सांगू नका, शेवटची संडास कधी झाली ते सांगा. "हाऊ आर युअर बाउल्स?" ह्याचाही रोख तोच. आणि 'पूप' हा शब्द तिकडचे डॉक्टर खुशाल वापरतात, पोरकट वाटला तरी चालतो.

लागली की थांबवत नाही ह्याला कागदावर 'अर्जन्सी' लिहितात. तोंडी "आय कान्ट होल्ड इट" किंवा "व्हेन आय हॅव टू गो, आय हॅव टू गो राइट अवे."

---

लॅबवाला

मी पॅथॉलॉजीत काम करतो, कारेलीबागेत राहतो. डॉक्टर नाही, तेव्हा शब्दांपुरतंच.

ताई, विशेषणं सोडा, आकडे सांगा. "खूप वेळा" ह्याला इंग्रजीत कितीही चांगला शब्द शोधलात तरी डॉक्टर विचारणारच की किती? दिवसाला किती, रात्री उठून किती, त्यातल्या किती वेळा रक्त. "एट टाइम्स अ डे, ट्वाइस ॲट नाइट, ब्लड मोस्ट टाइम्स." व्याकरण गेलं चुलीत, ह्या एका ओळीत निम्मं निदान आहे. रात्रीचा आकडा विसरू नका. "डझ इट वेक यू अप?" हे विचारतातच, कारण नुसत्या नाजूक पोटाचा माणूस सहसा झोपेतून उठून धावत नाही, सूज असलेला धावतो.

दुसरं, ब्रिस्टल तक्ता. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली शौचाचे सात प्रकार पाडले. 1 म्हणजे लेंड्यांसारखे कडक खडे, 4 म्हणजे गुळगुळीत, आदर्श, 7 म्हणजे निव्वळ पाणी. "टाइप सिक्स" म्हटलं की वर्णन करावं लागत नाही. जावई शेजारी असले तर ह्याहून सभ्य भाषा नाही.

रक्ताबद्दल मात्र नीट बोलावं लागेल. लालभडक, ताजं असेल तर "ब्राइट रेड". शौचात कालवलेलं असेल तर "मिक्स्ड इन". नुसतं पुसताना दिसत असेल तर "ओन्ली व्हेन आय वाइप". गाठी पडत असतील तर "क्लॉट्स". डांबरासारखं काळं असेल तर "ब्लॅक अँड टॅरी", त्याचा अर्थ वेगळा, रक्त वरून कुठून तरी येत असू शकतं. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, त्यांनीही काळं होतं.

---

आजीचा बटवा

ताई तुमची विनंती वाचली, तरी राहवत नाही. कुटजाची साल आणून

---

दांडियाबाजारवाली

बटवाताई, साल माझ्या सासूबाईंनी 2017 साली आणली होती. अजून डब्यात आहे. पुढे जाऊ या.

लॅबवाले दादा, ब्रिस्टलचा तक्ता बघितला. चित्रं बघून नातीने विचारलं, "आजी, ही शेव आहे का?" बडोद्यात राहून आता आठवडाभर शेव-उसळ खाववणार नाही.

आव राहिली. मी "डिसेंट्री" म्हणते ते बरोबर का?

---

लॅबवाला

नको. डिसेंट्री म्हटलं की तिकडचा डॉक्टर जंतुसंसर्गाकडे वळतो. प्रवास कुठे केला, पाणी कुठलं प्यालात, घरात आणखी कोणाला आहे का, सुरू. तपासणी ते तशीही करतील, करावीच, पण तुमच्या तोंडून निदान जाऊ नये. आव म्हणजे "म्यूकस". "ब्लड अँड म्यूकस." त्याआधी एक वाक्य पक्कं करा: "आय हॅव अल्सरेटिव्ह कोलायटिस. आय थिंक इट्स अ फ्लेअर." फ्लेअर म्हणजे आपला भडका, शब्दशः. शांत असतं त्या काळाला 'रेमिशन'.

---

निंबोणी

मी मांजलपूरची, वय 24, मला क्रोन्स. सप्टेंबरात मास्टर्सला इंग्लंडला जातेय, त्यामुळे धागा डोळे फाडून वाचतेय.

काकूंचा आणि माझा आजार चुलत भावंडं. दोघांना मिळून आयबीडी म्हणतात. तुमचा मोठ्या आतड्यापुरता, गुदाशयापासून वर सलग चढत जाणारा. माझा तोंडापासून खालपर्यंत कुठेही, मध्ये चांगली जागा सोडून पुन्हा पुढे, आणि आतड्याच्या भिंतीत आरपार. म्हणून माझ्या शब्दसंग्रहात दोन जास्तीचे पाहुणे आहेत: 'स्ट्रिक्चर' म्हणजे आतडं अरुंद होणं आणि 'फिस्टुला' म्हणजे नको तिथे पडलेली वाट, आपलं भगंदर त्यातलाच एक प्रकार.

नावाचा घोळ ऐका. क्रोन हे माणसाचं नाव. न्यूयॉर्कच्या माउंट सिनायमधले बरिल क्रोन. 1932 साली त्यांनी गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर ह्यांच्यासोबत निबंध लिहिला. नावं वर्णक्रमाने होती म्हणून आजाराला सी-वाल्यांचं नाव चिकटलं. पण माझ्या आत्याला फोनवर "क्रोन्स" ऐकू आलं "क्रोनिक". दोन वर्षं ती सगळ्यांना सांगत होती, पोरीला क्रोनिक आहे. कोणी विचारलं नाही, क्रोनिक काय?

दुसरा घोळ एस आणि डी चा. आयबीएस म्हणजे आतडं चिडकं, पण सूज नाही, व्रण नाहीत. आयबीडी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटलेली. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. मी "डी ॲज इन डॉग" म्हणते. डी फॉर दिल्ली म्हटलं तर पलीकडचा माणूस गोंधळतो.

आणि टीबी! क्रोन्स आणि आतड्याचा क्षय दिसायला इतके सारखे की आपल्याकडे भलेभले फसतात. मला एका ठिकाणी आधी सात महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या. तिकडे हे आपण होऊन सांगायचं: "आय वॉज ट्रीटेड फॉर टीबी बिफोर द डायग्नोसिस." बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी) सुरू करण्याआधी ते टीबी तपासतात, कारण त्या औषधांनी दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो.

आता माझा प्रश्न. मला आजारासोबत तोंड येतं, सांधे धरतात, एकदा डोळ्याचंही झालं होतं. "तोंड येणं" ह्याला काय म्हणू? "माय माउथ हॅज कम" म्हणून बघितलं, मैत्रीण म्हणाली, कुठून?

---

वाऱ्याच्या शहरातून

मूळचा बडोदेकर, 22 वर्षं शिकागोत. बायकोला कोलायटिस, त्यामुळे ह्या भाषेत माझी पीएचडी झालीय.

निंबोणी, तोंड येणं म्हणजे "माउथ अल्सर्स". अमेरिकेत साध्या बोलण्यात 'कँकर सोअर्स', तुला इंग्लंडात अल्सर्सच पुरे. सांधे धरणं म्हणजे "स्टिफ जॉइंट्स", आणि सकाळी किती वेळ धरलेले राहतात ते मिनिटांत सांग. डोळ्याला फार जप. "डोळे आले" ची साथ वेगळी आणि ह्या आजारातली डोळ्याच्या आतली सूज वेगळी. दुखतंय, उजेड सहन होत नाही, धुरकट दिसतंय: "पेनफुल, सेन्सिटिव्ह टू लाइट, ब्लरी." हे तीन शब्द म्हणून त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

ताई, "पोट साफ होत नाही" ह्याचं शब्दशः भाषांतर करू नका, ते लोक पोट धुवायचं औषध देतील (हलके घ्या). "आय गो, बट इट फील्स लाइक आयम नॉट डन." आणि जाऊन बसलं, कुंथलं, काही होत नाही, तरी लागल्यासारखं वाटतंच राहतं, ह्याला वैद्यकात 'टेनेस्मस' असा खास शब्द आहे. तो तुम्ही म्हणायची गरज नाही. "आय स्ट्रेन, नथिंग कम्स, बट द अर्ज डझन्ट गो अवे." मुरड्यात हे सगळंच येतं, कळ, कुंथणं, आव. इंग्रजीला तिथे तीन शब्द लागतात. कळ तेवढी 'क्रॅम्प्स'.

पोट म्हणजे 'स्टमक' हा आणखी एक खड्डा. आपलं पोट छातीखालपासून जांघेपर्यंत. 'स्टमक' म्हटलं की काही डॉक्टर जठराकडे जातात. "लोअर बेली, लेफ्ट साइड" म्हणा आणि हात ठेवून दाखवा. हाताला भाषांतर लागत नाही.

'ॲसिडिटी' आणि 'गॅस' हेही जपून. आपल्याकडे छातीत दुखलं तरी गॅस.

औषधांची नावं बदलतात ते आधी बघून ठेवा. पॅरासिटामॉलला उत्तर अमेरिकेत ॲसिटामिनोफेन. कोलायटिसच्या गोळीचं मेसालाझिन हे नाव ब्रिटनचं, मेसालामिन अमेरिकेचं, औषध एकच. स्टेरॉइड आपल्याकडे बहुधा प्रेडनिसोलोन, तिकडे प्रेडनिसोन देतात. मात्रा हळूहळू उतरवण्याला 'टेपर'. "आयम टेपरिंग" किंवा "आयव्ह बीन ऑफ स्टेरॉइड्स सिन्स मार्च". चुकून एकदम बंद केलं असेल तर तेही सांगा, ते धोक्याचं असतं. आणि अंग दुखलं म्हणून जावयाच्या कपाटातली आयबुप्रोफेन उचलू नका, त्या जातीच्या गोळ्यांनी काहींचं आतडं भडकतं. विचारून घ्या.

अवांतर: आमच्या इलिनॉयमध्ये 2005 पासून कायदा आहे. असा आजार असलेल्या माणसाला दुकानाने कर्मचाऱ्यांचं स्वच्छतागृह वापरू द्यायचं. सौ. कार्ड दाखवते, बोलावं लागत नाही. निंबोणी, इंग्लंडातही रुग्णसंघटना "कान्ट वेट" असं कार्ड देतात, चौकशी कर. कॅनडात 'टॉयलेट' म्हटलं तर कानाला जरा रोखठोक लागतं, "वॉशरूम" म्हणा.

---

जुना बडोदेकर

सगळं वाचलं. तक्रार नोंदवतो. सयाजीराव महाराजांनी ह्याच गावात कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश करवून घेतला. दप्तराचा एकेक शब्द तोलूनमापून. त्यात परसाकडचं काही असेल असं वाटत नाही, आणि तिथेच आपण मार खाल्ला. परसाकडे जाणं, झाड्याला जाणं, बहिर्दिशेला जाणं, "जाऊन येतो". म्हणजे मराठीतही आपण हा विषय सरळ बोललेलो नाही, सगळं आडून. मग इंग्रजीत सरळ कसं येणार? ताईंनी त्या दिवशी "नाही" सांगितलं ते इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. मराठीत विचारलं असतं तरी जावयासमोर "नाही"च सांगितलं असतं.

---

दांडियाबाजारवाली

जुने बडोदेकर, बरोबर बोललात. रात्रभर डोक्यात होतं ते.

मग जावयाला खोलीबाहेर कसं काढायचं, तेही वाक्य सांगा कोणीतरी.

---

वाऱ्याच्या शहरातून

"कुड आय स्पीक टू यू अलोन, प्लीज?" एवढंच. तिथे ह्यात कोणाला वावगं वाटत नाही. भाषेची भीती वाटली तर "कॅन आय हॅव ॲन इंटरप्रिटर?" पुष्कळ मोठ्या रुग्णालयांत फोनवरून दुभाषी जोडून देतात. मराठीचा मिळेलच असं नाही, पण हिंदीचा बहुधा मिळतो, गुजरातीचाही मिळू शकतो. बडोद्याच्या माणसाला एवढं पुष्कळ.

---

निंबोणी

काकू, "ॲक्सिडेंट" चं उत्तर मी असं देते: "यस. आय डिडन्ट मेक इट इन टाइम. ट्वाइस." पहिल्यांदा आरशासमोर म्हटलं तेव्हा रडले होते. आता "माय ट्रेन वॉज लेट" म्हणावं तसं म्हणते. परक्या भाषेत म्हणणं मला तर सोपंच पडलं. 'हगणं' म्हटलं की आई कानाखाली वाजवेल असं अजून वाटतं, 'पूप' ला कुठलीही आई नाही.

---

लॅबवाला

निंबोणी +१.

आकड्यांतला एक सापळा राहिला. हिमोग्लोबिन आपल्याकडे डेसिलिटरमध्ये सांगतात, कॅनडात लिटरमध्ये. तुमचं 9.8 तिथे 98. रिपोर्ट पाहून एकदम सुधारलं म्हणून पेढे वाटू नका. सोनोग्राफीला "अल्ट्रासाउंड". शौचातली सूज मोजणारी तपासणी 'कॅलप्रोटेक्टिन', जुने आकडे जवळ ठेवा. शेवटच्या कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने आतडं बघतात ती) आणि बायोप्सीचा (तिथला तुकडा तपासतात ती) कागद हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नको.

आणि हे मात्र वहीत लाल पेनाने लिहा. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स ह्यांनी 1955 साली तीव्र भडका ओळखायची खूण घालून दिली, ती आजही वापरतात: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्त पडतंय आणि त्यासोबत 37.8 च्या वर ताप (आपला 100), किंवा नाडी 90 च्या वर, किंवा रक्तात ठरावीक बिघाड. अशा वेळी शब्दांची उजळणी करत बसायचं नाही. पोट फुगून दगड झालं तरी तसंच. सरळ इमर्जन्सी, जावयासकट.

---

रावपुरा एक्स्प्रेस

काकू, सगळं मिळून एक परिच्छेद करा आणि इथे म्हणून दाखवा. म्हणजे लिहून दाखवा.

---

दांडियाबाजारवाली

घ्या. लेकीने काल व्हिडिओवर दोन चुका काढल्या, त्या सुधारून:

"आय हॅव अल्सरेटिव्ह कोलायटिस फॉर नाइन इयर्स. आय थिंक इट्स अ फ्लेअर. इट स्टार्टेड फोर डेज अगो. आय गो एट टाइम्स अ डे अँड ट्वाइस ॲट नाइट. टाइप सिक्स. ब्राइट रेड ब्लड, मिक्स्ड इन, अँड म्यूकस. आय गेट क्रॅम्प्स बिफोर आय गो, लोअर लेफ्ट. आय कान्ट होल्ड इट मोअर दॅन टू मिनिट्स. आय हॅड टू ॲक्सिडेंट्स. नो फीवर. आयम ऑन मेसालामिन. आयम नॉट ऑन स्टेरॉइड्स नाऊ."

रावपुरा, "आय हॅव" की "आय हॅव हॅड"?

---

रावपुरा एक्स्प्रेस

"आय हॅव हॅड". पण "हॅव" म्हणालात तरी औषध तेच मिळेल.

---

आजीचा बटवा

शब्दच सांगते, औषध नाही. अंगात कणकण असते त्याला काय म्हणावं? ताप नाही म्हणायचं की आहे म्हणायचं?

---

वाऱ्याच्या शहरातून

चांगला प्रश्न. "आय फील फीवरिश." आणि थर्मामीटर लावून आकडा. गळून गेल्यासारखं वाटत असेल तर 'वीकनेस' नको, त्याने ते हातपाय लुळे पडलेत का बघतात. "आयम एक्झॉस्टेड" म्हणा. मळमळ म्हणजे "नॉशियस", 'व्हॉमिटिंग सेन्सेशन' आपल्याकडेच चालतं. उष्णता झालीय ह्याला इंग्रजी नाही, सोडून द्या.

---

दांडियाबाजारवाली

लिहून घेतलं सगळं. वहीची सात पानं झाली. तिकीटही काढलंय, आइल सीट, मागच्या बाजूची. जावयांनीच निवडून दिली, न सांगता. काही बोलले नाहीत, नुसता सीटचा नंबर पाठवला.

---

निंबोणी

काकू, सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना लागली तर? मला हीच धास्ती आहे.

---

वाऱ्याच्या शहरातून

चढतानाच हवाईसुंदरीच्या कानावर घालून ठेवायचं: "आय हॅव अ बाउल डिसीज. आय मे नीड द वॉशरूम इन अ हरी." आणि ऐन वेळी फक्त, "इट कान्ट वेट."

---

दांडियाबाजारवाली

इट कान्ट वेट. आठवं पान.